तानपुरा थांबत नाही: सलग मैफलीचे सीडीसाठी ट्रॅक करताना

पावणेतीन तासांची मैफल रेकॉर्डरने एका दमात टिपलेली असते. ती एका सीडीत मावत नाही. दोन सीडींत बसवली, तरी ट्रॅक नसतील तर शेवटची भैरवी ऐकायला सगळी मैफल पुढे ढकलत बसावं लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे, जुन्या गाडीत किंवा मंडळाच्या कपाटात अजून सीडी प्लेअरच असतो, आणि त्यांच्यासाठी नीट ट्रॅक पाडलेली सीडी फार सोयीची ठरते.

नवख्यांची पहिली धाव असते शांतता शोधून आपोआप तुकडे करणाऱ्या सोयीकडे. जुन्या तबकडीवरच्या चित्रगीतांना ती ठीक चालते, कारण दोन गाण्यांमध्ये खरोखरच शांतता असते. मैफलीत तानपुरा थांबत नाही. राग संपतो, टाळ्या पडतात, तबलजी हातोडी काढून तबला लावतो, आणि मागे तानपुरा चालूच असतो. सॉफ्टवेअरला शांतता सापडत नाही, किंवा मग विलंबित ख्यालातल्या दोन आलापांमधली विश्रांती सापडते आणि एका ख्यालाचे चौदा तुकडे होतात. म्हणून नवा ट्रॅक कुठे सुरू होणार त्या खुणा कानाने करायच्या. पावणेतीन तासांच्या रेकॉर्डिंगला एकूण दहाएक खुणा लागतात, तेवढ्या हाताने करणं मुळीच जड नाही.

इथल्या पायऱ्या ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरच्या आहेत. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतं. मेनूंची नावं आवृत्तीनुसार थोडी हलतात, क्रम मात्र तोच राहतो.

आधी चार आकडे

ऑडिओ सीडीचं मोजमाप ठरलेलं आहे. दर सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाच्या लहरीची मोजमापं), १६ बिट, दोन वाहिन्या. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेलं हे मानक आजही तसंच आहे. सीडीवर एक सेकंद ७५ फ्रेममध्ये विभागलेला असतो आणि एका फ्रेममध्ये प्रत्येक वाहिनीचे ५८८ नमुने बसतात. हा ५८८ पुढे कामाला येणार आहे. एका सीडीवर जास्तीत जास्त ९९ ट्रॅक बसतात, ट्रॅक निदान ४ सेकंदांचा असावा लागतो, आणि ७०० एमबी लिहिलेल्या कोऱ्या सीडीवर ८० मिनिटं मावतात. अगदी काठापर्यंत भरू नका. ७८ मिनिटांच्या आत थांबलात तर जुने प्लेअर शेवटच्या ट्रॅकला अडखळण्याची शक्यता कमी होते.

१. मूळ फाइल एकसंध करा

सर्वात आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि काम त्या प्रतीवरच करा.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा रेकॉर्डिंगला मिनिटाला सुमारे १७ एमबी लागतात. बरेच रेकॉर्डर २ जीबी झाले की फाइल बंद करून नवी सुरू करतात, म्हणजे साधारण २ तास ४ मिनिटांनी. त्यामुळे पावणेतीन तासांची मैफल दोन फाइलींत मिळते आणि तुटलेली जागा एखाद्या तानेच्या मधोमध असू शकते. दोन्ही फाइली एकाच प्रोजेक्टमध्ये आणा, ट्रॅक्स मेनूतल्या अलाइन ट्रॅक्समधून 'अलाइन एंड टू एंड' निवडा, मग 'मिक्स अँड रेंडर' करा. सांध्यावर पाच-सहा वेळा कान देऊन ऐका. मध्ये टिचकीसारखा आवाज आला तर बहुधा फाइलींच्या मध्ये फट राहिली आहे.

कॅसेटवरून उतरवलेलं रेकॉर्डिंग असेल, तर बाजू पलटताना गाणं खरंच तुटलेलं असतं. तिथे बेमालूम जोड देण्याच्या खटाटोपात पडू नका, मधल्या आवर्तनांची भरपाई होत नाही. आधीची बाजू तीन सेकंदांत हळूहळू खाली आणा, पुढची तशीच वर घ्या, बस.

२. ४८ चं ४४.१ करा, पण योग्य जागेवरून

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झचं असेल तर प्रोजेक्टचा रेट ४४,१०० करा, सगळं रेकॉर्डिंग निवडा आणि ट्रॅक्स मेनूतून 'रीसॅम्पल' करून ४४,१०० द्या. ट्रॅकच्या डाव्या बाजूच्या मेनूतही 'रेट' म्हणून पर्याय दिसतो, त्याला हात लावू नका. तो नमुने बदलत नाही, तेच नमुने हळू वाजवतो. ४८ चं रेकॉर्डिंग तसं ४४.१ ने वाजलं की स्वर पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीने उतरतो. काळी एकमध्ये गायलेला गायक पांढरी एक आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसतो, आणि मैफल नऊ टक्के लांबते. तयार सीडी ऐकताना आवाज जड, सुस्त वाटला तर कारण बहुधा हेच असतं.

हे रूपांतर तुकडे करण्याआधी एकदाच, सलग रेकॉर्डिंगवर करायचं. तुकडे करून मग प्रत्येकाचं वेगळं केलं, तर प्रत्येक तुकड्याच्या कडेला बारीकसा बिघाड होतो आणि सांध्यावर टक्क ऐकू येतं.

३. नको ते काढा, थांबे इथेच ठरवा

वाद्यं लावणं, माइकची खरखर, मध्यंतरातला चहा आणि गप्पा हे सगळं आता काढा. खुणा केल्यावर काढायला गेलात तर लेबलं, म्हणजे ऑडॅसिटीतल्या त्या खुणा, जागा सोडतात आणि सगळं पुन्हा मोजावं लागतं. हा क्रम चुकल्याने सर्वांत जास्त मेहनत वाया जाते.

दोन रागांमधला भाग काढताना असं करा. टाळ्यांचे शेवटचे ४-५ सेकंद 'फेड आउट' करा, म्हणजे हळूहळू विरू द्या, त्यापुढे २ सेकंद पूर्ण शांतता ठेवा, पुढच्या रागाच्या तानपुऱ्याचे पहिले २ सेकंद 'फेड इन' करा, म्हणजे हळूहळू वर आणा. तानपुरा अचानक सुरू झाला की कानाला धक्का बसतो. दोन सेकंदांत वर आला की ऐकणारा आपोआप स्थिरावतो.

टाळ्या नेहमी संपलेल्या गाण्याबरोबर ठेवा. मैफलीतल्या मधल्या 'वाहवा' आणि 'क्या बात है' यांना मात्र कात्री लावू नका. त्या काढल्या तर आवर्तन तुटतं, आणि त्यांच्याशिवाय मैफल मैफल राहत नाही.

आणखी एक मोह टाळा. 'नॉइज रिडक्शन' वापरताना आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो. मैफलीत नुसता गोंगाट सापडतच नाही, कारण त्या नमुन्यात तानपुराही असतो. मग सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाच गोंगाट समजून सगळ्या मैफलीतून खरवडून काढतं, आणि गळा पाण्याखालून आल्यासारखा लागतो. पंख्याची थोडी घरघर राहिली तरी चालेल.

४. आवाजाची पातळी, सगळ्या मैफलीची एकदम

बहुतेक मैफलींत सगळ्यात मोठा आवाज टाळ्यांचा असतो. त्यांच्या शिखरावर पातळी ठरली, तर गाणं खालीच राहतं. म्हणून आधी टाळ्यांचे भाग निवडून 'अँप्लिफाय'मधून ६ ते ८ डेसिबल कमी करा. मग सगळं रेकॉर्डिंग निवडा आणि 'नॉर्मलाइझ'मध्ये उणे १ डेसिबल द्या, म्हणजे सर्वांत मोठा आवाज त्या पातळीवर येतो. दोन वाहिन्या वेगवेगळ्या मोजण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर तबला आणि पेटी यांच्या जागा सरकतात.

प्रत्येक ट्रॅक वेगळा नॉर्मलाइझ करू नका. विलंबित आणि द्रुत यांच्या सीमेवर तानपुरा एकदम मोठा किंवा लहान झाला की जोड उघडा पडतो. दोन सीडींत मैफल बसणार असेल, तर तीही विभागण्याआधीच हे करा, म्हणजे दोन्ही सीडी एकाच पातळीवर वाजतील.

५. सीडींची वाटणी

कागदावर मिनिटं मांडा. समजा, पहिल्या रागाचा बडा ख्याल ३८ मिनिटं, द्रुत १४, दुसऱ्या रागातली मध्यलय १८, तराणा ७. एकूण ७७ मिनिटं, पहिली सीडी भरली. मध्यंतरानंतर नाट्यपद ११, ठुमरी १४, तिसरा राग २२, अभंग १२, भैरवी ९. एकूण ६८, दुसरी सीडी.

राग दोन सीडींत तोडायचा नाही, हा पहिला नियम. मिनिटं वाचवायला बडा ख्याल एका सीडीवर आणि त्याचं द्रुत दुसऱ्यावर टाकलं, तर ऐकणाऱ्याने उठून सीडी बदलेपर्यंत रागाची हवा विरून जाते. तिसरी कोरी सीडी लागली तरी लागू द्या. वाटणी ठरली की प्रत्येक सीडीसाठी प्रोजेक्ट वेगळ्या नावाने जतन करा आणि त्यात त्या सीडीपुरताच भाग ठेवा. यापुढची सगळी वेळ त्या सीडीच्या शून्यापासून मोजली जाईल.

६. खुणा

आधी ढोबळ. रेकॉर्डिंग वाजवत जा आणि नवं काही सुरू झालं की कंट्रोल आणि एम दाबा, मॅकवर कमांड आणि पूर्णविराम. वाजतं आहे त्या जागी लेबल पडतं. नाव लगेच लिहा: रागाचं नाव, लय, ताल.

मग नेमक्या. खालच्या किंवा वरच्या पट्टीतली 'स्नॅप'ची सोय चालू करून तिथे सीडीडीए फ्रेम्स (सेकंदाला ७५ अशा सीडीच्या फ्रेम) निवडा. ढोबळ खुणेजवळ दृश्य मोठं करा, योग्य जागी क्लिक करा, कंट्रोल आणि बी दाबून नवं लेबल टाका आणि ढोबळ लेबल पुसा. वाजवताना टाकलेलं लेबल फ्रेमच्या सीमेवर बसेलच असं नाही, म्हणून हा दुसरा फेरा लागतो. पहिलं लेबल अगदी शून्यावर हवं, नाहीतर त्याच्या आधीचा भाग निर्यातीतून गळू शकतो.

फ्रेमची सीमा इतकी जपायची ती त्या ५८८ मुळे. ट्रॅकची लांबी ५८८ नमुन्यांच्या पटीत नसेल तर सीडी लिहिणारं (बर्निंग) सॉफ्टवेअर शेवटची फ्रेम भरायला शांतता घालतं. ती एका फ्रेमपेक्षा, म्हणजे १३ मिलिसेकंदांपेक्षा, कमीच असते. ऐन शांततेत ती कळत नाही, पण वाजत्या तानपुऱ्यात बरोबर टिचकी मारल्यासारखी ऐकू येते. 'ट्रॅक बदलताना टक्क होतं' या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

आता खूण नेमकी कुठे, हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. विलंबित एकताल समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर संपतो, गायक क्षणभर थांबतो आणि द्रुत सुरू करतो. लहरींच्या आलेखात तबल्याची सम उंच खांबासारखी दिसते आणि नवखा माणूस तिथेच खूण करतो. पण बंदिश तिथे सुरू होत नाही. द्रुत त्रितालातल्या कितीतरी बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. मिनिटाला २४० मात्रांची लय धरली तर खाली ते सम हे अंतर २ सेकंदांचं होतं. समेवर खूण केलीत तर मुखड्याचे, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीचे, ते २ सेकंद आधीच्या ट्रॅकच्या शेपटाला लागतात आणि द्रुताचा ट्रॅक लावला की गाणं अर्ध्या शब्दावर उघडतं. तबला बहुधा समेवरच सामील होतो, म्हणून आलेखापेक्षा कानावर भिस्त ठेवा. मुखड्याचं पहिलं अक्षर शोधा, त्याच्या आधीचा श्वास शोधा आणि श्वासाच्याही थोडं आधी खूण करा. अक्षरापासून मोजलं तर निदान १५ ते २२ फ्रेम आधी, म्हणजे ०.२ ते ०.३ सेकंद. काही प्लेअर थेट एखाद्या ट्रॅकवर उडी मारली की पहिला क्षण गिळतात, त्यालाही एवढी जागा पुरते.

अशा सलग जागी फेड नको, शांतता नको, शून्यरेषा शोधणंही नको. दोन्ही ट्रॅक एकामागे एक वाजणार आहेत, तेव्हा लहर मूळच्या सारखीच अखंड राहते.

बड्या ख्यालाच्या आत आणखी खुणा कराव्यात का? शिकणाऱ्यांसाठी सीडी असेल आणि आलाप, बोलआलाप, ताना वेगळ्या शोधायच्या असतील तर करा, मात्र मुखड्याच्या आधी. ऐकण्यासाठीच्या सीडीत ३८ मिनिटांचा एकच ट्रॅक असणं हेच आम्हाला योग्य वाटतं.

नारदीय कीर्तनाचं रेकॉर्डिंग असेल तर विभागणी परंपरेनेच दिलेली आहे: नमन, पूर्वरंग, मधला नामगजर, उत्तररंग, आरती. बुवांना बुक्का आणि हार होतो तो भाग नामगजराच्या ट्रॅकमध्ये ठेवा. आख्यानात बोलण्याला जागोजागी विराम असतात, तिथे आपोआप शोधणारी सोय आणखीच फसते.

७. निवेदनाचं काय

निवेदकाचं बोलणं पहिल्यांदा ऐकायला हवं असतं, दहाव्यांदा नको असतं. सीडीच्या रचनेत याला सुंदर सोय आहे. प्रत्येक ट्रॅकला दोन खुणा देता येतात, इंडेक्स शून्य आणि इंडेक्स एक. सलग ऐकताना शून्यापासूनचा भागही वाजतो, पण थेट त्या ट्रॅकवर उडी मारली की प्लेअर इंडेक्स एकवर जातो. निवेदन या दोन खुणांच्या मध्ये ठेवलं की काम झालं. बरेच प्लेअर त्या वेळी उलटी मोजणी दाखवतात.

यासाठी क्यू शीट लागते. ती साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात सबंध सीडीच्या एकाच वेव्ह फाइलचं नाव आणि प्रत्येक ट्रॅकची वेळ मिनिट, सेकंद, फ्रेम अशी लिहितात, आज्ञा रोमन मोठ्या अक्षरांत. ऑडॅसिटीतून लेबलं निर्यात केली की वेळ सेकंदांत मिळते. समजा २२९२.४४ आली, तर ती ३८ मिनिटं १२.४४ सेकंद. अपूर्णांक ०.४४ गुणिले ७५ बरोबर ३३, म्हणून क्यू शीटमध्ये ३८:१२:३३. शेवटचा आकडा ७४ च्या वर कधीच जात नाही. तो ८० किंवा ९० आला तर शतांश सेकंद तसेच उतरवले गेले आहेत. विंडोजवर इमेजबर्न अशी क्यू शीट वाचून सीडी लिहितं.

हे अवघड वाटलं तर निवेदनाचा वेगळा ट्रॅक करा, तेही चालतं.

८. निर्यात

क्यू शीट वापरणार नसाल तर फाइल मेनूतून ऑडिओ निर्यात उघडा, एकाऐवजी अनेक फाइलींचा पर्याय घ्या, लेबलांनुसार विभागा, आणि नावाआधी क्रमांक येईल असं सांगा. ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक हवेत, नाहीतर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० लावतात आणि भैरवी दुसऱ्या क्रमांकावर येते. प्रकार वेव्ह, १६ बिट, ४४,१००, स्टिरिओ.

मध्ये कुठेही एमपी३ करू नका. एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता चिकटते, आणि इतक्या जपून केलेला सलग जोड तुटतो.

९. सीडी लिहिणं

'ऑडिओ सीडी' निवडा. 'डेटा सीडी' निवडली तर वेव्ह फाइली नुसत्या साठवल्या जातात आणि जुना प्लेअर सीडी ओळखतच नाही. लिहिण्याची पद्धत 'डिस्क अ‍ॅट वन्स', म्हणजे सगळी सीडी एका दमात. 'ट्रॅक अ‍ॅट वन्स'मध्ये लेसर प्रत्येक ट्रॅकनंतर थांबतो आणि सहसा २ सेकंदांची फट पडते, म्हणजे विलंबित आणि द्रुताच्या मध्ये तानपुरा गायब होतो. ट्रॅकमधलं अंतर शून्य ठेवा. हवे तिथले थांबे तुम्ही तिसऱ्या पायरीत घालून ठेवलेच आहेत. फक्त पहिल्या ट्रॅकआधीचे २ सेकंद मानकानेच ठरलेले आहेत, ते राहू द्या.

विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या रूपात बर्नच्या पर्यायांत फटीविना लिहिण्याची खूण आहे, ती लावा, आणि ट्रॅकचा आवाज समान करणारी काढा. मॅकच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये गाण्यांमधलं अंतर 'नन' करा आणि साउंड चेक बंद ठेवा. लिनक्सवर के३बी चांगलं आहे.

कोरी सीडी सीडी-आर घ्या. पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू जुन्या प्लेअरांना नीट वाचता येत नाही. वेग मधला, १६ एक्सच्या आसपास. सीडी-टेक्स्टमध्ये, म्हणजे प्लेअरच्या पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरात, नावं रोमन लिपीत द्या, कारण साध्या प्लेअरच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. वर लिहायला सीडीसाठीचं पाण्याच्या शाईचं मार्कर वापरा. कागदी लेबल चिकटवू नका, त्याने तोल जातो आणि सीडी थरथरत फिरते.

१०. तपासणी

पहिली एकच प्रत काढा आणि ती संगणकावर नाही, साध्या सीडी प्लेअरवर लावा. प्रत्येक ट्रॅकचे शेवटचे दहा सेकंद ऐकत पुढच्यात जा. मग पुढच्या बटणाने प्रत्येक ट्रॅकवर थेट उडी मारा आणि पहिलं अक्षर पूर्ण येतं का ते ऐका. सगळीकडे २ सेकंदांची फट असेल तर लिहिण्याची पद्धत चुकली. टक्क असेल तर खूण फ्रेमवर नाही. अक्षर तुटत असेल तर खूण १० फ्रेम मागे घ्या. शेवटचा ट्रॅक अडकत असेल तर सीडी काठोकाठ भरली आहे किंवा खराब निघाली आहे.

मंडळात प्रती वाटायच्या असतील तर त्याआधी कलाकारांची परवानगी घ्या. गाण्यावर हक्क त्यांचा आहे, रेकॉर्डर कुणाचाही असो.

आणि सीडीलाच मूळ प्रत मानू नका. सीडी-आरमधला रंग उन्हाने आणि काळाने खराब होतो. २४ बिटचं मूळ रेकॉर्डिंग, ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट आणि लेबलांची मजकूर फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. दहा वर्षांनी सीडी वाचेनाशी झाली तर त्याच लेबलांवरून नवी प्रत अर्ध्या तासात निघते.